डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी खडू घ्या: जुन्या ॲम्बेसेडरचं टायमिंग घरी कसं बसवायचं

सोलापूरला आमच्या घरी १९८४ ची ॲम्बेसेडर मार्क फोर आहे, पेट्रोलची, वडिलांनी घेतलेली, आणि ती अजून चालते. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर सगळीकडं जाते. पण मध्ये एकदा इंजिनाचं काम करून एका गॅरेजमधनं परत आली आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या दिवशी सकाळी सुरूच होईना. स्टार्टर मारला की कार्बोरेटरमधनं फाट् फाट् आवाज, एकदा तर जाळ पण आला. कुणी म्हणालं कार्बोरेटर बदला, कुणी म्हणालं पेट्रोल पंप गेला, कुणी म्हणालं व्हॉल्व जळाले. आठ दिवस आणि बरेच पैसे गेल्यावर विजापूर वेशीतले एक चाचा आले, डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट पाठवणाऱ्या भागाची) कॅप काढली, पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला, मला इंजिन फिरवायचं हँडल फिरवायला लावलं आणि म्हणले, "बेटा, करंट उलट्या टायमाला जातंय, बाकी गाडीला काय बी झालं नाय."

त्या दिवसापास्नं हे काम मी स्वतः करतो आणि ज्याच्याकडं पॉइंटवाली (डिस्ट्रिब्युटरमध्ये करंट उघडबंद करून ठिणगी पाडणारे पॉइंट असलेली) जुनी गाडी आहे त्यानं शिकलंच पाहिजे असं मला मनापास्नं वाटतं, कारण आता पॉइंट सेट करणारे मिस्त्री कमी झालेत आणि नवीन पोरांनी डिस्ट्रिब्युटर हातात धरलेला पण नसतो, त्यांचा दोष नाय, त्यांच्याकडं तशा गाड्याच येत नाहीत.

आधी एकच गोष्ट नीट डोक्यात बसवा, बाकी सगळं त्यावर आहे. टायमिंग म्हणजे ठिणगी कधी पडते ते. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक (पिस्टनना जोडलेला मुख्य दांडा) दोन फेरे मारतो तेव्हा डिस्ट्रिब्युटर एक फेरा मारतो. म्हणजे एक नंबरचा पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशन करत आणि एकदा जळालेला धूर बाहेर ढकलत. क्रँकच्या पुलीवरची खाच दोन्ही वेळेला खुणेसमोर येते! खूण बघून तुम्ही म्हणता जुळलं, आणि प्रत्यक्षात पिस्टन एक्झॉस्टला वर आलेला असतो. तसं बसवलं की ठिणगी बरोबर एक क्रँकफेरा चुकीच्या वेळेला पडते, ह्यालाच १८० डिग्री उलटं म्हणतात, कारण रोटर (कॅपच्या आत फिरून एकेका वायरीला करंट देणारा तुकडा) बरोबर अर्धा फेरा पलीकडं असतो. आमच्या गाडीत हेच झालेलं.

आता काम. बॅटरीची वायर काढा. कॅप काढायच्या आधी मोबाईलवर चार फोटो मारा आणि प्रत्येक प्लग वायरला चिकटपट्टी लावून नंबर लिहा, एक नंबर म्हणजे रेडिएटरकडचा सिलेंडर. मग कॅप काढा, वायरी तशाच राहू द्या, आणि रोटरचं तोंड कुठं आहे ती खूण डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर खडूनं करा, आणि बॉडी इंजिनच्या ब्लॉकला कशी बसलीय त्याची पण एक रेघ मारा, म्हणजे बॉडीवर अर्धी आणि ब्लॉकवर अर्धी. ह्या दोन रेघा असल्या आणि मधल्या काळात कुणी इंजिन फिरवलं नाय तर परत बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. खडू पुसला जातो, तेलकट जागा असेल तर पंच नाहीतर स्क्रू ड्रायव्हरनं ओरखडा काढा.

ॲम्बेसेडरमध्ये आणखी एक सोय आहे जी बरेच जण वापरत नाहीत. डिस्ट्रिब्युटरच्या गळ्याला जी पट्टी असते तिला एक आवळायचा बोल्ट असतो, आणि ती पट्टी ब्लॉककडच्या हाउसिंगला दोन स्क्रूनं बसलेली असते. नुसता काढून साफ करायचा असेल तर आवळायच्या बोल्टला हातच लावू नका, दोन स्क्रू काढा आणि पट्टीसकट वर उचला, टायमिंग हलत नाय. खालच्या टोकाला जी जीभ असते ती मध्यभागी नसते, एका बाजूला सरकलेली असते, त्यामुळं ती खाचेत एकाच बाजूनं बसते, उलटी बसूच शकत नाय. मग आमची गाडी १८० उलटी कशी झाली? कारण इंजिनाच्या कामात खालचा ड्राइव्ह स्पिंडल (डिस्ट्रिब्युटरला फिरवणारा दांडा) बाहेर काढलेला आणि तो अर्धा फेरा फिरवून बसवलेला. वरनं डिस्ट्रिब्युटर अगदी छान बसला, आणि वायरी जुन्या जागीच लावल्या.

तर स्पिंडल निघालेला असेल किंवा गाडी कुणी काय करून ठेवलीय माहीत नसेल तर आधी खरा कॉम्प्रेशनचा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा, शोधा. चारी प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं. एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला हँडलनं इंजिन सरळ दिशेनं हळू फिरवायला सांगा. अंगठा हवेनं फुस्सकन ढकलला गेला की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक, तिथनं पुढं पुलीची खाच टायमिंग कव्हरवरच्या सगळ्यात लांब काट्यासमोर येईपर्यंत फिरवा. एकटे असाल तर व्हॉल्व कव्हर काढा आणि चार नंबरचे व्हॉल्व बघा, एक नंबर कॉम्प्रेशनला वर असतो तेव्हा चार नंबरचा एक व्हॉल्व मिटत असतो आणि दुसरा उघडायला लागलेला असतो, दोन्ही रॉकर एकाच वेळी हलतात. मी दोन्ही करून बघतो. हँडल नसेल तर टॉप गिअर टाकून गाडी हातानं ढकला, प्लग काढल्यावर सपाट जागेवर एक माणूस पुरतो.

स्पिंडल घालायचा म्हणजे त्याच्या टोकाला आटे असतात, त्यात ५/१६ इंची यूएनएफचा (बारीक आट्यांचा) लांब बोल्ट घाला, टॅपेट कव्हरचा बोल्ट पण चालतो. बोल्ट धरून स्पिंडल आत सोडताना खाच आडवी, आडव्याच्या किंचित खाली झुकलेली, आणि तिचा मोठा अर्धा भाग वरच्या बाजूला असा धरा. गिअरचे दाते तिरके असतात म्हणून आत जाताना तो स्वतःच घड्याळाच्या उलट फिरतो आणि पूर्ण बसल्यावर खाच साधारण एक वाजताच्या काट्यासारखी उभी दिसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं चुकलं, चुकलेलं नसतं, ते फिरणं हिशोबात धरूनच आडवा सुरू करायचा असतो. ज्या इंजिनात गिअर थेट डिस्ट्रिब्युटरच्याच शाफ्टला असतो तिथं पण हेच, उतरवताना रोटर किती फिरतो ते काढतानाच बघून ठेवायचं आणि बसवताना तेवढा अलीकडं धरायचा. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपच्या शाफ्टवर चालतो, त्यामुळं कुणी ऑइल पंप काढला असेल तर टायमिंग गेलंच म्हणून समजा.

बसवायच्या आधी डिस्ट्रिब्युटर टेबलावर घेऊन नीट बघा, इथं घाई करू नका. शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा, लटलट करत असेल तर बुश गेलेत, मग पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलेंडरला वेगळा पडतो आणि टायमिंग कितीही वेळा सेट करा, गाडी मिसिंग मारणारच. कॅपच्या आत मधोमध छोटा कार्बन असतो तो स्प्रिंगवर आत बाहेर झाला पाहिजे. कॅपला केसाएवढी काळी रेघ दिसली तर ती तडा आहे, करंट तिथनं पळतो, बदला. व्हॅक्युमच्या (डिस्ट्रिब्युटरपास्नं इंजिनाकडं जाणाऱ्या) नळीला तोंड लावून हवा ओढा, आतली पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि सोडल्यावर परत आली पाहिजे. प्लेटची अर्थची (बॉडीला जोडणारी) बारीक वायर पण ओढून बघा, ती आतनं तुटलेली असते आणि वरनं चांगली दिसते.

पॉइंट बसवताना ज्या चुकीनं सगळ्यात जास्त लोक अडकतात ती म्हणजे प्लास्टिकचे वॉशर. कॉइलची (ठिणगीचा जोराचा करंट तयार करते ती) वायर आणि कंडेन्सरची (पॉइंट जळू नयेत म्हणून असतो तो) वायर दोन्ही पॉइंटच्या स्प्रिंगला टेकल्या पाहिजेत पण खालच्या खांबाला टेकता कामा नयेत. वॉशर उलटसुलट बसला की पॉइंट कायमचे अर्थ होतात आणि मग करंट अजिबात नाय. गॅप ॲम्बेसेडरच्या लुकास प्रकारच्या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), कॅमचा उंच कोपरा पॉइंटच्या टाचेखाली असताना मोजायचा. फिलरची पट्टी आधी पुसा, तेलाचा थर पॉइंटला लागला की पॉइंट जळतात. कॅमला ग्रीसचं अगदी बोट, रोटरच्या खाली शाफ्टच्या टोकाला दोन थेंब ऑइल, बास.

गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम बदलू नका. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात म्हणजे टायमिंग आपोआप ॲडव्हान्स होतं, ठिणगी लवकर पडते. टायमिंग सेट करून नंतर गॅप बदलला तर सगळं काम वाया.

आता डिस्ट्रिब्युटर आत सोडा, जीभ खाचेत बसली की खटकन खाली जातो, जोर लावायचा नाय, रोटर थोडा थोडा फिरवत दाबायचा. एक नंबर कॉम्प्रेशनला असताना रोटर कॅपच्या ज्या टोकाकडं बघतोय ते टोक एक नंबर. तिथनं रोटर फिरतो त्या दिशेनं १-३-४-२ अशा, ठिणगीच्या क्रमानं, वायरी लावा. ॲम्बेसेडरमध्ये रोटर वरनं बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. दुसरी गाडी असेल तर कुणाचं ऐकून लावू नका, कॅप काढून हँडल फिरवा आणि डोळ्यांनी बघा. मारुती ८०० चे तीनच सिलेंडर, तिची ऑर्डर १-३-२.

टायमिंगसाठी १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या डिग्रीवर खाच आणा, ती टीडीसीच्या आधीची असते. इंजिन नेहमी सरळ दिशेनंच खुणेवर आणायचं, पुढं गेलं तर पाव फेरा मागं घेऊन परत यायचं, नाहीतर चेन आणि गिअरमधला ढिलेपणा मोजमापात येतो. बल्बचं एक टोक डिस्ट्रिब्युटरला जिथं कॉइलची वायर येते तिथं, दुसरं बॉडीला. बॅटरी जोडा, चावी ऑन करा, आवळायचा बोल्ट ढिला करा. बॉडी रोटरच्या दिशेनं फिरवा, बल्ब विझतो, म्हणजे पॉइंट मिटले. आता एकदम हळू रोटरच्या उलट दिशेनं आणा, ज्या क्षणी बल्ब पेटला तिथं थांबा आणि आवळा. आवळताना बॉडी हलते, म्हणून इंजिन परत दोन फेरे फिरवून बल्ब खुणेवरच पेटतोय का ते तपासा, मला बहुतेक वेळा दुसऱ्यांदा करावं लागतं. चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून जाते.

काही लुकास डिस्ट्रिब्युटरला बाजूला छोटा गोल नट असतो, त्यावर ए आणि आर अशी अक्षरं असतात, ए म्हणजे ॲडव्हान्स आणि आर म्हणजे रिटार्ड, ठिणगी उशिरा. बारीक फरक त्यानं करायचा. सुरुवातीला तो मध्यावर ठेवा म्हणजे दोन्हीकडं जागा राहते.

सुरू करताना एअर क्लीनर लावलेला ठेवा आणि तोंड कार्बोरेटरवर नेऊ नका, टायमिंग उलटं असेल तर जाळ तिथनंच येतो. हँडल मारून सुरू करणार असाल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलभोवती गुंडाळू नका. टायमिंग जास्त ॲडव्हान्स असलं की हँडल उलटं झटका मारतं आणि मनगट मोडतं, हे मी बघितलंय, लई वाईट असतं.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून खूण दाखवणारा दिवा) असेल तर व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडलला खूण बघा, मग रेस वाढवत जा, खूण हळूहळू ॲडव्हान्सकडं सरकली पाहिजे. सरकत नसेल तर डिस्ट्रिब्युटरमधली, वेगाबरोबर टायमिंग पुढं नेणारी वजनं गंजून अडकलीत.

शेवटची तपासणी रस्त्यावर. मी तुळजापूरला जातो, कारण सोलापूर सपाट आहे आणि खरा लोड घाटातच कळतो. टॉप गिअरला चाळीसच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. थोडीशी टिकटिक होऊन लगेच थांबली तर ठीक. खडखड चालूच राहिली तर ॲडव्हान्स जास्त आहे, थोडं रिटार्ड करा. आवाज अजिबात नाय पण गाडी ओढत नाय आणि लवकर तापते, तर रिटार्ड जास्त आहे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो तेव्हा जानेवारीत गोड वाटलेलं टायमिंग खडखडायला लागतं. मी उन्हाळ्यात एखादी डिग्री मागं घेतो आणि पावसाळा सुरू झाला की परत आणतो.

नवीन पॉइंट टाकले असतील तर पाचशे किलोमीटरनंतर गॅप परत बघा. फायबरची टाच सुरुवातीला झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप रिटार्ड होतं, गॅप नीट केला की बल्ब लावून टायमिंग पण बघून घ्या.