दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं पुढचं प्रशिक्षण घेताय? या चुका टाळा

"सर, हात वळत नाही." प्रगत लॅपरोस्कोपी शिकायला आलेला सर्जन पहिल्या आठवड्यात हे म्हणतोच. पित्ताशय, अपेंडिक्स त्याने बरेच केलेले असतात. आता पोटाच्या आत टाके घालायचे, आतडं जोडायचं. अशा वेळी मी त्याच्या हाताकडे नंतर बघतो. आधी पोर्ट, म्हणजे अवजारं आत न्यायच्या नळ्या, कुठे घातलेत ते बघतो.

पोर्टची जागा सवयीने ठरवणं

ट्रोकार, म्हणजे पोटाच्या भिंतीतून घातलेली ही पोर्टची नळी, अवजाराचा टेकू असतो. बाहेर हात डावीकडे गेला की आत टोक उजवीकडे जातं. अवजार निम्मं आत, निम्मं बाहेर असलं तर दोन्हीकडची हालचाल सारखी राहते. फार आत गेलं की हाताची बारीक थरथरसुद्धा टोकाशी मोठी होते. फार बाहेर राहिलं की खांदे उचलून काम करावं लागतं आणि तासाभरात मान भरून येते. टाके घालताना दोन अवजारांमध्ये साधारण 60 अंशांचा कोन हवा. तो मिळत नसेल तर झगडत बसू नका, 5 मिलिमीटरचा एक जादा पोर्ट घाला. मॉनिटर समोर आणि नजरेच्या किंचित खाली हवा, हेही बरेच जण विसरतात.

कॅमेरा कुणाच्याही हातात देणं

30 अंशांच्या दुर्बिणीत कॅमेऱ्याचं डोकं सरळ ठेवायचं आणि फक्त लाइट केबल फिरवायची. केबल वर असेल तर नजर खाली. नवा सहायक दोन्ही एकदम फिरवतो, चित्र तिरकं होतं आणि सर्जनला वाटतं आपलाच हात बिघडला. म्हणून प्रशिक्षणाचे पहिले काही दिवस कॅमेरा स्वतः धरा. लेन्सवर वारंवार धुकं येत असेल तर दुर्बीण गरम पाण्यात बुडवा. तरीही चित्र मळतच असेल तर पोर्टच्या आत रक्त लागलंय का ते बघा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

टाका घाईने ओढणं

आत सुई उलटीसुलटी होते आणि शिकणारा ती पकडायला धडपडतो. सुईला हात लावू नका. डाव्या हातातल्या ग्रास्परने (पकडायच्या चिमट्याने) सुईपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धागा धरा, सुईचं टोक अलगद ऊतीवर टेकवा आणि धागा किंचित हलवा. सुई आपोआप फिरून बसते. मग टोकापासून दोन तृतीयांश अंतरावर नीडल होल्डरने (सुई धरायच्या अवजाराने) काटकोनात पकडा. सुट्या टाक्याला 12 ते 15 सेंटिमीटर धागा पुरतो. लांब धागा सोय म्हणून घेतला जातो आणि गाठीच्या वेळी तोच गुंता करतो.

सिम्युलेटरवर तास मोजणं

सिम्युलेटर म्हणजे रुग्णाशिवाय सराव करायचं यंत्र. त्यावर एकदा जमलं की उठायचं, ही सवय घातक आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही निवासी डॉक्टरांना अनुभवी सर्जनच्या पातळीला पोचेपर्यंत सिम्युलेटरवर सराव दिला होता. ज्यांना तो मिळाला नव्हता त्यांच्याकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. सराव ठरलेली पातळी सलग काही वेळा गाठेपर्यंत करायचा, घड्याळ बघून नाही.

दिसलं असं वाटणं

मला सगळ्यात जास्त काळजी या चुकीची वाटते. पित्तनलिकेच्या 252 इजा तपासणारा एक अभ्यास 2003 मध्ये आला. त्यातल्या 97 टक्के इजांचं मूळ हाताच्या कौशल्यात नव्हतं, नजरेच्या भ्रमात होतं. मुख्य पित्तनलिकाच सर्जनला पित्ताशयाची नळी वाटली होती. आणि एकदा वाटलं की मेंदू पुढचा प्रत्येक पुरावा त्याच बाजूने वाचतो.

यावरचा उपाय अमेरिकी सर्जन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्येच मांडला होता. पित्ताशयाची नळी, यकृताची नळी आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ झालेले असावेत. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला असावा. आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच, फक्त दोनच, नळ्या दिसाव्यात. शिकणारे तिसऱ्या अटीवर धावतात. दोन नळ्या दिसल्या की त्या बंद करायची क्लिप मागतात, आणि मागचा भाग सुटलेलाच नसतो. माझ्याकडे नियम आहे: क्लिपआधी अवजारं थांबवायची, पुढून आणि मागून दोन्ही बाजू दाखवायच्या, तिन्ही अटी मोठ्याने म्हणायच्या आणि सहायकाने "हो" म्हटल्याशिवाय क्लिप लावायची नाही.

कॉटरीचंही (विजेने ऊती भाजून कापणाऱ्या अवजाराचंही) असंच: टोक चित्रात दिसत नसेल तर पेडल दाबायचं नाही. अवजारावरचं वीजरोधक आवरण फाटलेलं असेल तर नजरेआड आतडं भाजतं आणि ते दिवसांनी कळतं.

कधी थांबायचं हे न ठरवणं

अडकल्यावर निर्णय घ्यायला गेलात तर तो अहंकार घेतो. केस सुरू करण्याआधीच सांगा: इतक्या वेळात त्रिकोण साफ झाला नाही तर सिनियरला बोलावू, नाहीतर पित्ताशयाचा काही भाग ठेवून बाहेर पडू किंवा पोट उघडू. मी ही वेळ फळ्यावर लिहायला लावतो आणि ती झाली की नर्सने हाक मारायची असते.