बिग डेटा शिकायचाय? स्पार्क थोडं थांबू शकतं

शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचा प्रश्न हमखास एकच असतो, "दादा, स्पार्क (प्रचंड डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणारं सॉफ्टवेअर) कुठून शिकू?" मी डेटा इंजिनिअरिंगमध्येच काम करतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा. नुसतं सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम दाखव) नाही हां, जॉइन (दोन टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गट पाडून हिशोब), विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून आजूबाजूच्या ओळींवर हिशोब) सगळं हाताखालून गेलं पाहिजे, कारण पुढे स्पार्कवर गेलात तरी रोज तेच लिहायचंय.

सरावाला खेळण्यातला डेटा घेऊ नका. न्यूयॉर्कच्या टॅक्सी कमिशनचा डेटा फुकट मिळतो, पिवळ्या टॅक्सीच्या एकट्या जानेवारी २०२४ मध्ये जवळपास ३० लाख फेऱ्या आहेत आणि एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते. खरा डेटा आहे म्हणून घाणही खरी आहे, मायनस भाडं, शून्य मैलांची फेरी, भलत्याच वर्षाची तारीख. अशा ओळी काढायच्या की ठेवायच्या, का ठेवायच्या, हे स्वतः ठरवून लिहून ठेवा. माझ्या मते अर्धी नोकरी हीच आहे आणि क्लासमध्ये ह्यावर कुणी फारसं थांबत नाही.

पायथन येत असेल तर पांडाज ही त्यातली डेटा हाताळायची लायब्ररी शिका, पण ते डेटा रॅममध्ये घेतं. ते बनवणाऱ्या वेस मॅकिनीनेच २०१७ मध्ये लिहिलं होतं की डेटाच्या ५ ते १० पट रॅम ठेवा, मग ८ जीबीच्या लॅपटॉपचा हिशोब तुम्हीच करा. इथे लगेच क्लस्टरच्या (एकत्र काम करणाऱ्या अनेक मशीनच्या) मागे लागू नका, मध्ये डकडीबी हा लॅपटॉपवरच चालणारा डेटाबेस आहे. अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतून आलंय (पायथनही तिथलंच बरं का), सर्व्हर वगैरे काही लागत नाही, फाइलवर थेट एसक्यूएल चालतं. टॅक्सीच्या फाइली पार्के फॉरमॅटमध्ये असतात, त्यात एकेक कॉलम वेगळा साठवलेला असतो, म्हणून फक्त भाडं हवं तर तेवढंच वाचलं जातं, सीएसव्हीत (ओळीओळीने लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल) मात्र अख्खी फाइल चाळावी लागते. तीच क्वेरी दोन्हींवर चालवून वेळ बघा, खरंच बघा.

आता स्पार्क. गूगलचा मॅपरिड्यूसचा (काम अनेक मशीनवर वाटायची पद्धत) पेपर २००४ चा, त्यावरून हडूप आलं, ते प्रत्येक टप्प्याला डिस्कवर लिहायचं, म्हणून बर्कलीत २००९ मध्ये मेमरीत काम करणारं स्पार्क सुरू झालं. त्यात सगळ्यात आधी शफल समजून घ्या. जॉइन केलं की सारख्या कीच्या (ज्यावर टेबलं जोडतो ती किंमत) ओळी एकत्र आणायला डेटा एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो, वेळ तिथेच जातो, आणि एकाच कीच्या ओळी फार झाल्या तर बाकी टास्क (कामाचे तुकडे) संपतात नि उरलेला एकच टास्क तासभर अडून बसतो. टॅक्सी झोनचं (शहराच्या भागांचं) टेबल २६५ ओळींचं आहे, ते छोटं टेबलच सगळ्या मशीनवर पाठवलं तर फेऱ्यांचा डेटा हलवावाच लागत नाही, ह्याला ब्रॉडकास्ट जॉइन म्हणतात आणि डीफॉल्टला १० एमबीपर्यंत स्पार्क स्वतःच ते करतं. लॅपटॉपवर लोकल मोडमध्ये एकदा ते चालू ठेवून आणि एकदा बंद करून एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार तो प्लॅन दाखवणारी कमांड) लावा, दोन्ही प्लॅन शेजारीशेजारी ठेवून वाचा.