बेनिटोआइट ओळखताना आणि त्याचं वर्गीकरण करताना या चुका टाळा

बेनिटोआइटची गोष्टच मुळी एका चुकीपासून सुरू झाली. १९०७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बेनिटो काउंटीच्या डोंगरात धातू शोधत फिरणाऱ्या लोकांना पांढऱ्या शिरांमध्ये रुतलेले निळे स्फटिक दिसले आणि निळं, चकचकीत, पारदर्शक म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं की हा नीलमच. नमुने बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉर्ज लाउडरबॅक यांच्याकडे गेले तेव्हा कळलं की हे खनिज आधी कोणी बघितलेलंच नाहीये. त्याच वर्षी त्यांनी त्याला बेनिटोआइट नाव दिलं. आता शंभरच्या वर वर्षं झाली, १९८५ मध्ये ते कॅलिफोर्नियाचं अधिकृत रत्नसुद्धा झालं, तरी लोक अजून तिथेच अडखळतात. एकतर निळा म्हणून नीलम समजतात, नाहीतर त्यात बेरियम हा धातू आहे म्हणून भलतीच गृहीतकं धरून बसतात. मला या खनिजाचं फार वेड आहे, त्यामुळे जे जे गोंधळ परत परत बघण्यात येतात ते इथे लिहितेय.

धातूचं नाव बघून वर्ग ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. बेनिटोआइटमध्ये एक बेरियम, एक टायटॅनियम, तीन सिलिकॉन आणि नऊ ऑक्सिजन असतात. वजनाच्या हिशोबात बेरियम ऑक्साइड साधारण ३७ टक्के, टायटॅनियम ऑक्साइड १९ टक्के आणि उरलेला सुमारे ४४ टक्के सिलिका. बरेच जण हे वाचून वहीत किंवा नमुन्याच्या लेबलवर "बेरियम सिलिकेट" एवढंच लिहितात आणि बाकीची बेरियमवाली खनिजं त्याच डब्यात ठेवतात. पण सिलिकेटचं वर्गीकरण धातूवरून होतच नाही, ते होतं सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या चौफलकांनी (मध्ये एक सिलिकॉन, चार कोपऱ्यांवर चार ऑक्सिजन) एकमेकांचे हात कसे धरलेत त्यावरून.

उदाहरण बघा. सॅनबोर्नाइट, हेही कॅलिफोर्नियातलंच, त्यात बेरियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन सोडून दुसरं काही नाही, म्हणजे खरं शुद्ध बेरियम सिलिकेट हे, आणि त्याची रचना थरांची, म्हणून ते शीट सिलिकेट. अलास्कात सापडलेलं लाल रंगाचं गिलेस्पाइट, त्यात बेरियमसोबत लोह, तेही शीट सिलिकेटच. फ्रेस्नोआइट तर बेनिटोआइटचा भाऊच वाटावा, अगदी तेच चार घटक, बेरियम, टायटॅनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन, फक्त प्रमाण वेगळं, पण त्यात चौफलकांच्या जोड्या आहेत म्हणून ते गेलं सोरोसिलिकेटमध्ये, आणि रंगही पिवळा. सेल्सियन म्हणजे बेरियमचा फेल्डस्पार, तो त्रिमितीय जाळीचा. एक बेरियम, पण घरं तीन, आणि चौथं बेनिटोआइटचं.

बेनिटोआइटमध्ये तीन चौफलक मिळून एक बंद कडं करतात, त्यामुळे ते वलय सिलिकेट म्हणजे सायक्लोसिलिकेट. पाचू आणि टूरमलिनही याच वर्गात, पण त्यांची कडी सहा चौफलकांची. खनिजांच्या वर्गीकरणाच्या स्ट्रुंझ पद्धतीत त्याचा क्रमांक ९.सीए.०५. लेबलवर बेरियम टायटॅनियम सिलिकेट, तीन चौफलकांचं वलय, असं लिहा म्हणजे बघणाऱ्याला एका ओळीत सगळं कळतं.

याच मुद्द्यातली एक बारीक चूक विद्यार्थ्यांकडून हमखास होते. सिलिकॉनला ऑक्सिजनचं प्रमाण एकास तीन दिसलं की साखळी सिलिकेट, असं पाठ केलेलं असतं, कारण पायरॉक्सिन या साखळीवाल्या खनिजगटात तसंच असतं. पण साखळीची दोन टोकं आणून जोडली तरी प्रमाण एकास तीनच राहणार ना? प्रत्येक चौफलक दोन्हीकडे मिळून दोनच ऑक्सिजन शेजाऱ्यांशी वाटून घेतो, मग ती लांब साखळी असो की बंद कडं. म्हणजे नुसत्या सूत्रावरून साखळी की वलय हे सांगताच येत नाही, त्यासाठी क्ष-किरणांनी काढलेली रचना लागते, आणि बेनिटोआइटची ती १९३० मध्ये विल्यम झकारियासेन यांनी काढली.

आणि हो, बेनिटोआइट गट म्हणजे एकटं बेनिटोआइट नाही. टायटॅनियमच्या जागी टिन आलं की पॅबस्टाइट, झिर्कोनियम आलं की बॅझिराइट. चौकट तीच, खुर्चीवरचा माणूस बदलला.

त्रिकोण दिसला म्हणून ट्रायगोनल लिहिणं

बेनिटोआइटचा स्फटिक हातात घेतला की नजर पहिल्यांदा त्रिकोणावरच जाते. चपटा, वरून बघितला तर त्रिकोणी, कडेने बघितला तर वर-खाली दोन पिरॅमिड एकमेकांना चिकटवल्यासारखा. मग साहजिकच स्फटिकप्रणाली (सममितीवरून पाडलेला स्फटिकांचा गट) ट्रायगोनल, म्हणजे त्रिकोणी, लिहिली जाते. त्यात भर म्हणजे त्याच्या स्फटिकवर्गाचं नावच डायट्रायगोनल डायपिरॅमिडल, म्हणजे नावातच ट्रायगोनल! तरीही स्फटिकप्रणाली षट्कोनीच. कारण इथला मुख्य अक्ष, म्हणजे स्फटिकातून उभी जाणारी कल्पित रेषा, सहापट उलट-फिरकीचा आहे, म्हणजे तीनपट अक्ष (एक-तृतीयांश फेरी फिरवलं तरी स्फटिक तसाच दिसतो) आणि त्याला काटकोनात एक आरसा असं दोन्ही मिळून जे होतं ते. तो आरसा आहे म्हणूनच वरचा आणि खालचा पिरॅमिड तंतोतंत एकमेकांची प्रतिबिंबं असतात. जुन्या पुस्तकांत हा वर्ग ट्रायगोनलखाली टाकलेला मिळतो, त्यामुळे दोन पुस्तकं उघडून दोन उत्तरं मिळाली तर घाबरू नका, आजची पद्धत षट्कोनी.

हा वर्ग एकोणिसाव्या शतकातच निव्वळ गणिताने काढून ठेवलेला होता, पण निसर्गात त्याचं उदाहरण काही सापडत नव्हतं, आणि मग बेनिटोआइट आलं. मला विचाराल तर या खनिजाचा खरा मान यात आहे, निळ्या रंगात नाही.

बेरियम म्हणजे जड, हे गृहीत धरणं

बराइट हे बेरियमचं खनिज उचलून बघितलेलं असतं, ते दगडाच्या मानाने चांगलंच जड लागतं, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड ते) ४.५ च्या आसपास. म्हणून लोक समजतात बेनिटोआइटही तसाच असणार. तो नसतो. त्याचं विशिष्ट गुरुत्व ३.६५ च्या आसपास, म्हणजे नीलमच्या ४.०० पेक्षाही कमी. बेरियम नसलेला नीलम जड आणि बेरियम असलेला बेनिटोआइट हलका, कारण नीलममध्ये अणू फार घट्ट बसलेत.

आता मोजण्यातली चूक. समजा खडा ०.३० कॅरेटचा आहे आणि तुमचा काटा ०.०१ कॅरेटपर्यंतच दाखवतो. हवेतलं वजन भागिले पाण्यात घटलेलं वजन, हे गणित. घट ०.०८ आली तर उत्तर ३.७५, ठीक. पण काट्याने एकच घर कमी दाखवलं, घट ०.०७, की उत्तर ४.२९, म्हणजे नीलमच्याही वर. एक घर जास्त, ०.०९, की ३.३३, म्हणजे थेट टांझानाइट, दुसरंच निळं रत्न! एकाच खड्याची तीन नावं, आणि दोष खड्याचा नाही. बेनिटोआइटचे पैलू पाडलेले बहुतेक खडे एक कॅरेटच्या आतलेच असतात त्यामुळे ही अडचण इथे नेहमीची. एवढ्या छोट्या खड्याला एकतर ०.००१ कॅरेट दाखवणारा काटा घ्या, नाहीतर या चाचणीवर विसंबूच नका. आणि पाण्यात बुडवताना खड्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा ब्रशने काढायचा, पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकला तरी फरक पडतो.

रिफ्रॅक्टोमीटरवर एकच रीडिंग घेऊन थांबणं

इथे तर अनुभवी लोकही फसतात. रिफ्रॅक्टोमीटर खड्याचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो ते, स्केलवरच्या सावलीच्या कडेने दाखवतो, आणि या रत्नांत प्रकाशाचे दोन किरण होतात म्हणून अंकही दोन. बेनिटोआइटचा खालचा अपवर्तनांक १.७५७ आणि वरचा १.८०४ पर्यंत. नीलमचे १.७६२ आणि १.७७०. आता खडा ठेवला, पांढरा लाइट लावला, सावली दिसली १.७६ च्या आसपास, निळा खडा आहेच, झालं, नीलम लिहून टाकलं. दुसरी सावली कुठे गेली हे कोणी बघतच नाही, कारण ती स्केलच्या अगदी वरच्या टोकाला जाते, जिथे संपर्कद्रवाचीच (खडा आणि यंत्राच्या काचेमध्ये लावलेल्या थेंबाचीच) रेघ असते, साधारण १.८१ ला, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. तुमचा द्रव १.७९ चा असेल तर वरची सावली त्या टोकाला पोचल्यावर दिसणारच नाही.

उपाय सोपा आहे. पिवळा एकरंगी लाइट लावा, डोळ्याच्या भिंगावर पोलरायझर ठेवा, आणि खडा थोडा थोडा फिरवत प्रत्येक वेळी दोन्ही रीडिंग लिहा. बेनिटोआइटमध्ये खालची सावली जागची हलत नाही आणि वरची वर-खाली पळते. नीलममध्ये बरोबर उलटं, वरची १.७७० ला बसलेली आणि खालची थोडीशी हलणारी. कोणती सावली स्थिर आहे एवढं नीट बघितलं तरी निम्मं काम झालं.

रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर १० पटीचा लूप, म्हणजे जवाहिऱ्याचं छोटं भिंग, पुरेसा आहे. बेनिटोआइटचं द्विअपवर्तन, म्हणजे दोन अपवर्तनांकांतला फरक, सुमारे ०.०४७, नीलमचं फक्त ०.००८. टेबलमधून, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूतून, आत बघा, मागच्या पैलूंच्या कडा दोन दोन दिसतील, जसं झोपेतून उठल्यावर अक्षरं दुहेरी दिसतात तसं. फक्त एकाच बाजूने बघून "दुहेरी नाही" म्हणू नका, कारण प्रकाश-अक्षाच्या (इथे तोच मुख्य अक्ष) दिशेने बघितलं तर दुहेरीपणा नाहीसा होतो. खडा तिरका करा, परत बघा.

नीलमच्या सवयीने खडा कापणं

नीलम कापणारे टेबल मुख्य अक्षाला आडवं ठेवतात, कारण त्या अक्षातून बघितलं की सर्वात चांगला निळा दिसतो. बेनिटोआइटला हीच सवय लावली तर खडा फिका, जवळपास पाण्यासारखा निघतो, आणि कच्चा माल असा दुर्मिळ की दुसरी संधी मिळेलच असं नाही. यात एक किरण बिनरंगी आणि दुसरा निळा. मुख्य अक्षातून बघितलं की फक्त बिनरंगी किरण डोळ्यापर्यंत येतो, बाजूने बघितलं की निळा मिळतो. डायक्रोस्कोप, म्हणजे दोन्ही किरणांचे रंग शेजारी शेजारी दाखवणारं छोटं साधन, लावलात तर एका चौकटीत निळा आणि शेजारच्या चौकटीत जवळजवळ काहीच नाही, असं चित्र दिसतं, एकदा बघितलं की विसरत नाही. चाक सुरू करण्याआधी कच्चा स्फटिक पोलरायझरसमोर फिरवून निळी दिशा पेनने खूण करून ठेवा.

याचं डिस्पर्शन, म्हणजे पांढऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे करण्याची ताकद, हिऱ्याएवढं, ०.०४४, आणि त्यामुळे दिसणाऱ्या रंगीत ठिणग्यांना आग म्हणतात. पण गडद निळ्या खड्यात रंगच ते झाकून टाकतो, म्हणून "आग दिसत नाही म्हणजे नकली" असं समजू नका, फिक्या खड्यांत ती छान दिसते.

चुकीचा यूव्ही टॉर्च

"बेनिटोआइट यूव्ही, म्हणजे अतिनील, प्रकाशात चमकतो असं वाचलं, माझा चमकत नाही" ही तक्रार सगळ्यात जास्त. पहिला प्रश्न, टॉर्च कोणता? खिशातले ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटरचे टॉर्च लाँगवेव्ह असतात आणि त्याखाली निळा बेनिटोआइट बहुतेक वेळा गप्प असतो. त्याला शॉर्टवेव्ह, २५४ नॅनोमीटरचा दिवा लागतो, त्याखाली तो असा निळा पेटतो की बस. दिवा बरोबर असूनही काही दिसत नसेल तर नमुना काचेच्या डबीत आहे का बघा, साधी काच शॉर्टवेव्ह अडवते. डोळ्यांना यूव्ही चष्मा लावल्याशिवाय हा दिवा सुरू करू नका, आणि हात त्याखाली धरून ठेवू नका.

पण चमकला म्हणून लगेच बेनिटोआइट ठरवू नका, काही कृत्रिम नीलमही शॉर्टवेव्हखाली दुधट निळसर-हिरवट चमकतात आणि पॅबस्टाइटही निळसर पांढरा चमकतो.

इडीएस रिपोर्टमध्ये टायटॅनियम गायब

इडीएस म्हणजे नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून त्यातली मूलद्रव्यं ओळखणारी चाचणी. मला एकदा तिचा असा रिपोर्ट दाखवला गेला ज्यात बेरियम, सिलिकॉन, ऑक्सिजन एवढंच होतं आणि निष्कर्ष सॅनबोर्नाइट. खडा निळा होता! झालं काय तर प्रत्येक मूलद्रव्याच्या क्ष-किरणांच्या ठरावीक रेषा असतात, बेरियमची मुख्य एल-रेषा ४.४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आणि टायटॅनियमची के-रेषा ४.५१ ला, दोन्हीत अंतर ०.०४ च्या आसपास, आणि इडीएसचा डिटेक्टर साधारण ०.१३ पेक्षा जवळच्या रेषा वेगळ्या करू शकत नाही. मग सॉफ्टवेअर आलेखावरचं सगळं शिखर एकाच मूलद्रव्याच्या नावावर टाकतं. बेरियम आणि टायटॅनियम दोन्ही असू शकतील असं खनिज असेल तर लॅबला आधीच सांगा, डब्ल्यूडीएसवर (जवळच्या रेषाही वेगळ्या करणारी पद्धत) मोजून घ्या, किंवा रमन (लेझरची चाचणी) नाहीतर क्ष-किरण विवर्तन करून घ्या, त्यात रचनाच कळते त्यामुळे वाद राहत नाही.

ॲसिडने साफ करताना

सॅन बेनिटोच्या नमुन्यांत बेनिटोआइट आणि नेप्च्युनाइट हे काळं खनिज, नॅट्रोलाइट या पांढऱ्या खनिजात पुरलेलं असतं आणि ते नॅट्रोलाइट हायड्रोक्लोरिक ॲसिडने काढतात, बेनिटोआइटला त्याने काही होत नाही. चूक होते ती धुण्यात. नॅट्रोलाइट विरघळताना सिलिकाचा जेलीसारखा थर तयार होतो, तो ओला असतानाच भरपूर पाण्याने काढला नाही तर वाळून स्फटिकावर पांढरी साय बसते आणि मग माणूस जास्त कडक ॲसिडकडे वळतो. हायड्रोफ्लोरिक ॲसिड अजिबात नको, त्यात बेनिटोआइट स्वतःच विरघळतं आणि ते माणसासाठी जीवघेणं आहे. ॲसिडचं काम उघड्या हवेत, हातमोजे-चष्मा लावून.

बेरियम विषारी ना, मग हात लावायचा का, असंही विचारतात. विषारी असतात ती शरीरात विरघळणारी बेरियमची संयुगं. बेनिटोआइट तसं विरघळत नाही, त्यामुळे हाताळायला काही धोका नाही, फक्त घासताना पाणी सुरू ठेवा आणि धूळ नाकात जाऊ देऊ नका. कठीणपणा ६ ते ६.५ आहे, म्हणजे धुळीतले क्वार्ट्झचे कणसुद्धा त्याला ओरखडे पाडतात, म्हणून कोरड्या कपड्याने पुसू नका. आधी पाण्याखाली धरा, मग मऊ ब्रश, आणि ठेवताना नीलम-पुष्कराजच्या डबीत न ठेवता वेगळ्या डबीत ठेवा.