वहाळाचं (ओढ्याचं) पाणी वेळेत अडवा, एप्रिलमध्ये टँकर नको
आपल्या कोकणात पाऊस ३००० मिमीच्या आसपास पडतो पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, सगळं वहाळातून खाडीला जातं आणि एप्रिल आला की विहिरी तळाला. म्हणून वहाळाची धार बारीक झाली की लगेच कच्चा बंधारा घालाच. हल्ली पाऊस ऑक्टोबरातही धो धो येतो, त्यामुळे धार बारीक व्हायच्या आधी घाई नको, पण डिसेंबर उजाडेपर्यंत थांबलात तर अडवायला पाणीच उरत नाही.

जागा अरुंद, दोन्ही काठ घट्ट, वरच्या बाजूला उतार कमी, म्हणजे पाणी लांबपर्यंत तुंबतं. आधी तळाची वाळू-पाला काढून कातळ किंवा घट्ट माती लागेपर्यंत साफ करा, हे टाळलं तर पाणी खालून निघून जातं, बरेच बंधारे इथेच फेल होतात! सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने पाऊणच भरा, गच्च भरलेली गोणी नीट बसत नाही, फटी राहतात. तोंड सुतळीने शिवून विटांसारखे सांधे चुकवत दोन रांगा रचा, मधे चिकणमाती तुडवून भरा. जास्तीचं पाणी जायला मधला भाग थोडा खाली ठेवा.

आणि मे संपायच्या आत गोण्या काढून घ्या प्लीज, नाहीतर पहिल्याच पुरात प्लास्टिक खाडीत.