कुमाऊँ-गढवालच्या सहलीत तिथले शाकाहारी जेवण कसे मिळवावे

मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून नैनिताल, कौसानी, मसुरीकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या ताटात बहुतेक वेळा पनीर, डाल फ्राय आणि जिरा राइस एवढेच पडते. वास्तविक उत्तराखंडाच्या कुमाऊँ आणि गढवाल या डोंगराळ भागांतला रोजचा स्वयंपाक कडधान्ये, भरड धान्ये आणि पालेभाज्या यांवरच उभा आहे. परंतु पर्यटकांना ओळखीचेच पदार्थ हवे असतात असे हॉटेलवाले धरून चालत असल्यामुळे तो छापील मेनूकार्डावर क्वचितच दिसतो. म्हणून हे जेवण नाव घेऊन आणि एक दिवस आधी मागावे लागते.

तयारी बुकिंग करतानाच सुरू करावी. सहलीतल्या निदान दोन-तीन रात्री, जिथे घरचीच मंडळी स्वयंपाक करतात अशा होमस्टेमध्ये काढाव्यात. उत्तराखंड सरकारने २०१८ साली होमस्टेसाठी अर्थसाहाय्याची योजना सुरू केली असून मोठ्या पर्यटनस्थळांपासून दूरच्या गावांतही अशी घरे मिळतात. फोनवर नुसते ‘पहाडी जेवण हवे’ असे सांगून भागत नाही, कारण तेवढ्यावर एखादी पहाडी भाजी आणि सोबत पुन्हा पनीर असाच बेत होण्याचा संभव असतो. पदार्थांची नावे सांगितली, की पाहुण्यांना खरोखरच हे हवे आहे अशी यजमानांची खात्री पटते आणि बोलणे मोकळे होते.

कुमाऊँमध्ये पहिली मागणी भट्टाच्या चुडकाणीची करावी. भट्ट म्हणजे डोंगरात पिकणारे काळे सोयाबीन. लोखंडी कढईत मोहरीच्या तेलावर हे दाणे साले तडकेपर्यंत परततात, त्यातच थोडे पीठ भाजून घेतात आणि मग पाणी घालून मंद आचेवर बराच वेळ उकळू देतात. रस्सा दाट आणि काळपट होतो आणि तो गरम भाताबरोबरच खावा. गढवालमध्ये चैंसू आणि फाणू विचारावे. चैंसूसाठी काळे उडीद कोरडे भाजून भरड वाटतात, तर फाणूसाठी गहत रात्रभर भिजवून वाटतात. गहत म्हणजे आपले कुळीथ. कुळथाच्या पिठल्यावर वाढलेल्या कोकणी माणसाला फाणूची चव लगेच जवळची वाटेल. सोबत मंडुव्याची, म्हणजे नाचणीची भाकरी, वर घरचे तूप आणि शेवटी झंगोरा या बारीक भरड धान्याची खीर असा बेत जमला, तर त्या दिवशी आणखी काही मागू नये. मंडुवा, झंगोरा, गहत आणि काळे भट्ट या उत्तराखंडाच्या पिकांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

भिजवणे, वाटणे आणि मंद आचेवर शिजवणे यांत वेळ जात असल्याने, उद्या रात्री जे खायचे ते आज संध्याकाळीच सांगून ठेवावे. दुपारी फिरून येऊन आयत्या वेळी फर्माईश करणे स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर अन्यायाचे ठरते. त्यांना ‘दीदी’ म्हणावे; पुरुष मंडळींना कुमाऊँमध्ये ‘दाज्यू’ आणि गढवालमध्ये ‘भैजी’ म्हणतात. त्या जर ‘आज घरात आमच्यासाठी वेगळेच केले आहे’ असे म्हणाल्या, तर तेच आपल्यालाही वाढण्याची विनंती अवश्य करावी, कारण सर्वांत चांगला पदार्थ पुष्कळदा असाच हाती लागतो.

प्रवासाच्या दिवशी रस्त्यावरच्या साध्या दुकानांकडे लक्ष ठेवावे. भवालीहून अल्मोड्याकडे जाताना गरमपानीला काकडीचे रायते आणि भजी मिळतात. या रायत्यात वाटलेली कच्ची मोहरी असते आणि तिचा झणका थेट नाकात जातो, त्यामुळे मुलांना आधी थोडेसेच द्यावे. बटाट्याचे गुटके, म्हणजे फोडणीत परतलेल्या फोडी, आणि भांगेच्या बियांची चटणीही मागावी. या बियांनी नशा येत नाही, तेव्हा घरातल्या ज्येष्ठांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही. अल्मोड्यात बालमिठाई आणि मालू या वेलीच्या पानात गुंडाळलेली सिंगौडी ही खव्याची मिठाई घ्यावी.

कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. थुक्पा, म्हणजे नूडल्सचे सूप, भाज्यांचा असला तरी त्याचे पाणी मांसाचे असू शकते, आणि मोमो बहुतेक ठिकाणी एकाच भांड्यात वाफवतात. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर फोडणीत जंबू घालू नका असेही सांगावे, कारण वाळलेल्या गवतासारखी दिसणारी ही वनस्पती कांद्याच्याच कुळातली आहे. तिच्याऐवजी जखिया या मोहरीसारख्या बारीक बियांची फोडणी चालते.

ऋतूचा विचार मात्र आपल्या शाळांच्या सुट्ट्यांपासूनच करावा लागतो. मे महिन्यात काफळ, हिसालू ही रानफळे आणि बुरांशच्या लाल फुलांचे सरबत मिळते, तर दिवाळीच्या सुमारास भट्ट, गहत आणि मंडुवा यांचे नवे पीक बाजारात येते. केवळ जेवणासाठी जायचे झाले, तर मी दिवाळीच निवडेन.

परतताना हलद्वानीच्या किंवा अल्मोड्याच्या बाजारातून भट्ट, गहत आणि जखिया घ्यावे. मुंबईच्या दमट हवेत मंडुव्याचे पीठ फार टिकत नाही, म्हणून ते थोडेच आणावे. कडधान्ये घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन्महिने राहतात. जखिया तेल नीट तापल्यावर टाकावा आणि तडतडताच उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, हळद आणि तिखट घालून मोठ्या आचेवर परतावे. फोडी कडेने खरपूस झाल्या की गुटके तयार होतात.