परदेशी ताटाशेजारचा पेला

परदेशात नव्याने राहायला गेल्यावर पदार्थांपेक्षा सोबतचं पेय जास्त गोंधळात पाडतं. पदार्थाशी चव जुळते का, हे नंतर बघा. ते पेय जेवणाच्या कोणत्या टप्प्यावर येतं, हे आधी.

इटलीत दूध घातलेली कॉफी सकाळची. जेवणानंतर कापुचिनो मागितली तर मिळेल, पण नवखे आहात हे कळेल. 'उन काफे' म्हणा, एस्प्रेसो येते. नुसतं 'लाते' म्हटलंत तर ग्लासभर दूध येईल, कारण त्या शब्दाचा अर्थच दूध. फ्रान्समध्ये कॉफी गोडासोबत नाही, गोड खाऊन झाल्यावर. जपानी पद्धतीत साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि भात सहसा एकत्र घेत नाहीत. पिणं आटोपलं की शेवटी भात.

पाण्याचंही नीट सांगावं लागतं. जर्मनीत नुसतं पाणी मागितलं तर बरेचदा फसफसणारं येतं आणि बिलातही लागतं. साधं हवं तर 'श्टिलेस वासर' म्हणा. फ्रान्समध्ये 'काराफ दो' म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं.

तुर्कस्तानात राकी या कडक दारूसोबत पांढरं चीज आणि खरबूज. इथे क्रम महत्त्वाचा: आधी राकी, मग साधारण तितकंच गार पाणी, बर्फ शेवटी. पाणी पडताच पेय दुधाळ होतं, कारण बडीशेपेसारख्या वासाचं त्यातलं तेल पाण्यात विरघळत नाही. बर्फ आधी टाकला तर तेच तेल गोठून वर पापुद्रे धरतात. दारू नको असेल तर कबाबासोबत खारट आयरान, म्हणजे ताकासारखं पेय, मागवा. माशासोबत मात्र तिथे आयरान शक्यतो घेत नाहीत.

स्विस फाँड्यू म्हणजे वितळवलेलं चीज, पाव बुडवून खायचं. त्यासोबत पांढरी वाइन किंवा गरम काळा चहा. गार पाण्याने पोटात चीजचा गोळा होतो, असं तिथे सांगतात. 2010 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या अभ्यासात वाइनसोबत खाल्लेलं फाँड्यू चहापेक्षा सावकाश पोटाबाहेर गेलं. पोट जड होत असेल तर चहाच बरा.

जेवण झणझणीत असेल तर बिअर किंवा सोड्याने आग वाढते, पाण्याने फारशी शमत नाही; मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन मात्र ते ओढून घेतं. माशासोबत लाल वाइन कधी लोखंडी, उग्र लागते. वाइनमधलं लोह त्याला कारण.

ओतणं हा वेगळाच विषय. जपान-कोरियात आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. कोरियात वडीलधाऱ्यांना दोन हातांनी ओतावं आणि पिताना तोंड थोडं वळवावं. दोन्हीकडे पेला रिकामा दिसला की कुणीतरी भरतोच. दारू प्यायची नसेल तर पहिल्या फेरीआधीच सांगा आणि जपानात ऊलाँग चहा मागवून ठेवा. सांगायचं राहून पेला भरला गेलाच, तर ओठ लावून तसाच भरलेला ठेवा.