थंडीचा स्वेटर उन्हाळ्यात सुरू होतो: लोकरीच्या दुकानातला अनुभव

लोकरीच्या दुकानात कामाला लागले तेव्हा विणकाम येतं एवढंच माझं भांडवल होतं. सुलट, उलट, केबल, गळ्याचे टाके, सगळं हाताखालून गेलेलं. हंगाम म्हणजे काय, ते मात्र ठाऊक नव्हतं. हवा गार झाली, गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि मी जाहीर करून टाकलं की आपण सगळ्या मिळून स्वेटर विणू. बारा जणींनी नावं दिली. आठवड्यातून एकदा दोन तास दुकानात बसायचं, अडलं-नडलं तेव्हा सोडवायचं, बाकीचं घरी. थंडी सरली तेव्हा बारांपैकी एकीच्याही अंगावर स्वेटर चढला नव्हता. बहुतेकींचं काम काखेपर्यंत आलेलं, बाह्यांची लोकर लेबलासकट तशीच. आठ जणी मध्येच यायच्या थांबल्या होत्या.

त्यानंतर एके दिवशी कागद घेऊन टाके मोजायला बसले. हे मोजमाप नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकीने एकदा तरी स्वतः करावं. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटिमीटरला २० टाके आणि २८ ओळी येतात असं धरू. छातीचा घेर १०० सेंटिमीटर, म्हणजे गोल विणताना २०० टाके. लांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे १६८ ओळी. नुसत्या अंगाचेच झाले ३३,६०० टाके. दोन बाह्यांचे साधारण सोळा हजार. एकूण पन्नास हजारांच्या आसपास. नवखा हात मिनिटाला १५ टाके घालतो असं धरलं तर हे पंचावन्न तासांचं काम आहे. रोज तासभर बसणाऱ्या बाईला जवळजवळ दोन महिने, तेही एक ओळसुद्धा न उसवता, एक दिवसही न चुकता. प्रत्यक्षात तीन महिने धरावेत.

तेव्हापासून मी हंगाम उलटा मोजते. स्वेटर कधी घालायचा आहे? त्याच्या तीन महिने आधी टाके पडले पाहिजेत. टाके पडायच्या तीन-चार आठवडे आधी तयार नमुना दर्शनी खिडकीत टांगलेला हवा, कारण माणूस चित्र बघून हरखतो आणि कपडा हाताने चाचपून विकत घेतो. तो नमुना विणायला मला महिना-दीड महिना लागणार. आणि त्याआधी ती लोकर, सगळ्या रंगांत आणि पुरेशी, दुकानात आलेली असायला हवी. म्हणजे थंडीची पहिली मागणी मी नोंदवते तेव्हा बाहेर पंखे फिरत असतात. नवीन मुलींना हे विचित्र वाटतं. एका वर्षात सवय होते.

मग ऐन उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला काय द्यायचं? सुती दोरा आणि क्रोशा, हे पहिलं उत्तर. सूत अंगाला गार लागतं, पण लोकरीसारखं ताणून परत जागेवर येत नाही. म्हणून सुतात बॉर्डरची वीण घट्ट बसेल असं कधी सांगू नका, दोन धुण्यांत ती लोंबते. पिशव्या, पुसणी, जाळीदार झगे, बाळाच्या टोप्या, यांत सुताचं सोनं होतं.

पण मला सगळ्यात आवडणारं उन्हाळी काम म्हणजे चौकोन. क्रोशाचं पांघरूण अख्खं विणायला घेतलं तर ते मांडीवर वाढत जातं, आणि गरमीत ते ओझं कोणालाच नको असतं. तेच पांघरूण चौकोनांत वाटलं की प्रत्येक तुकडा तळहातावर मावतो, पर्समध्ये राहतो, प्रवासात होतो. उन्हाळाभर चौकोन करायचे आणि हवा गार झाली की जोडायला बसायचं. तेव्हा मांडीवर ऊब हवीच असते. दुकानात आम्ही जोडणीची एक संध्याकाळ ठेवतो. लांब टेबलावर सगळ्याजणी आपापले चौकोन मांडतात, रंग हलवून बघतात, शेजारणीचं मत घेतात. त्या टेबलाभोवती उभं राहून मी रंगसंगती जितकी शिकले तितकी कुठल्याच वर्गात शिकले नाही.

थंडी पडल्यावर जे लोक धावत येतात त्यांनाही रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. त्यांना स्वेटर दाखवू नका. जाड लोकर द्या, ८-९ मिलिमीटरची सुई द्या, टोपी दोन संध्याकाळींत होते. गळपट्टा, बिनबोटांचे हातमोजे, हेही त्यातलेच. पहिली वस्तू पुरी झालेली बाई परत येते. अर्धवट राहिलेलं काम घरी ज्यांना टोचतं, त्या दुकानाच्या दारावरून जायचंही टाळतात. माझ्या त्या आठ जणींचं तेच झालं. थंडी उतरताना मोजे आणि रफूचा वर्ग ठेवावा. मोज्याला हंगाम फारसा लागत नाही, १०० ग्रॅमची, साधारण ४०० मीटरची एक बारीक लडी मोठ्या माणसाच्या जोडीला पुरते, आणि टाच वळवताना सुईवर जे घडतं ते पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता कामाच्या काही गोष्टी, ज्या मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेबल वाचायला शिका, आणि गिऱ्हाइकाला शिकवा. जाडीचा ० ते ७ हा आकडा बऱ्याच लेबलांवर असतो: ० म्हणजे जाळीची अगदी बारीक, ४ मध्यम, ७ म्हणजे दोरखंडासारखी. त्याच लेबलावर रंगाचा लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा क्रमांक असतो. एकच रंग, एकच क्रमांक, पण लॉट वेगळा असेल तर छटा फसवते. दुकानाच्या दिव्याखाली दोन्ही गोळे सारखे दिसतात, उन्हात स्वेटरच्या छातीवर आडवी रेघ उमटते. म्हणून समूहाचं काम ठरवलं की प्रत्येकीला एक गोळा जास्त घ्यायला सांगते आणि न उघडलेला परत घ्यायचं कबूल करते. हे मालकांकडून आधी ठरवून घ्या.

सुई नेहमी मिलिमीटरमध्ये सांगा. अमेरिकी ८ नंबर आणि जुना ब्रिटिश ६ नंबर, दोन्ही ५ मिलिमीटरच. शिवाय अमेरिकी आकडा वाढला की सुई जाड होते आणि ब्रिटिश आकडा वाढला की बारीक. आईची जुनी सुई घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाशी नंबरात बोललात तर घोटाळा ठरलेला. सुईचं माप काढायची भोकांची पट्टी गळ्यात अडकवून ठेवा.

क्रोशाचं याहून अवघड आहे. 'डबल क्रोशे' म्हटलं की अमेरिकी नमुन्यात तो खांब, म्हणजे उंच टाका असतो आणि ब्रिटिश नमुन्यात मुका खांब, म्हणजे बुटका टाका. मी एकदा ब्रिटिश नमुना अमेरिकी समजून वर्गात शिकवला. सहा जणींच्या सहा शाली ऐसपैस, भोकाभोकांच्या आणि भलत्याच मोठ्या व्हायला लागल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात दोरा संपला. उसवायला मीही त्यांच्यासोबत बसले. आता कुठलाही नमुना हाती आला की आधी 'सिंगल क्रोशे' हा शब्द शोधते. तो दिसला तर नमुना बहुतेक अमेरिकी, आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही. वर्गात मात्र मी साखळी, मुका खांब, खांब असंच बोलते. आपल्या शब्दांत हा गोंधळ मुळातच नाही.

नमुन्याच्या तुकड्याबद्दल थोडं सविस्तर बोलते. स्वेटर सुरू करण्याआधी १५ सेंटिमीटरचा चौरस विणा, धुवा, वाळवा आणि मग मधले १० सेंटिमीटर मोजा. हे ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो, कारण त्याला आजच खरे टाके घालायचे असतात. तेव्हा मी पट्टी टेबलावर ठेवून दाखवते: २०० टाके, १० सेंटिमीटरला २० आले तर घेर १०० सेंटिमीटर. २२ आले तर ९१. फक्त दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर नऊ सेंटिमीटरने आखूड घेराचा. धुणं टाळू नका. धुतल्यावर लोकरीचा टाका फुलतो, सैलावतो, आणि आपल्याला धुतलेलाच स्वेटर घालायचा असतो. तुकडा फेकूही नका. त्याला लेबल बांधून दुकानात एका कड्यात ओवून ठेवा. आमच्याकडच्या त्या कड्याला लोक नमुन्यांच्या वहीपेक्षा जास्त हात लावतात.

धुण्यावरून आठवलं, अस्सल लोकर गरम पाण्यात घुसळली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि ती आटून नमद्यासारखी होते. 'मशीनमध्ये चालेल का' असं विचारल्यावर लेबल न बघता हो म्हणू नका. आणि उरलेला थंडीचा माल उन्हाळ्यासाठी आत टाकताना प्रत्येक गोळा हातात घेऊन तपासा. कसर लागलेला एक गोळा अख्खं कपाट खातो. त्या किड्याची अळी लोकर, रेशीम असलं प्राण्यांपासून आलेलं खाते, सुताला सहसा हात लावत नाही, म्हणून दोन्ही वेगळी ठेवलेली बरी.

कार्यक्रमांकडे वळते. नवशिक्यांच्या वर्गात सहाच जणी घ्या. एकीला हात धरून दाखवायला पाच मिनिटं लागली तरी बाकीच्या खोळंबून चिडत नाहीत. खुर्च्या बिनहातांच्या हव्यात, नाहीतर कोपर अडतात आणि खांदे वर चढतात. हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. दोरा फिक्या रंगाचा, गुळगुळीत, मध्यम जाडीचा, सुई ५ मिलिमीटरची. काळ्या किंवा केसाळ दोऱ्यावर पहिला टाका शिकवणं हा शिकणाऱ्यावर अन्याय आहे, कितीही हट्ट केला तरी नाही म्हणा. डावखुरी शिकणारी आली तर तिला समोर बसवा, आरशासारखं बघून तिला जमतं.

समूहाच्या कामात गुपित नमुना ठेवून बघा. दर आठवड्याला एकच भाग द्यायचा, शेवटचं रूप कोणालाच माहीत नाही. शालीसाठी हे फार छान जमतं, कारण शालीला माप बसवायचं नसतं. स्वेटरसाठी करू नका. नमुना विकत घेतलेला असेल तर प्रत्येकीने आपला घ्यायचा, एकाच्या झेरॉक्स काढायच्या नाहीत. तो आखणाऱ्याने महिनोन्‌महिने टाके मोजलेले असतात. 'वर्ल्ड वाइड निट इन पब्लिक डे' २००५ मध्ये सुरू झाला आणि जूनच्या दुसऱ्या शनिवारी येतो. अर्ध्या जगात तेव्हा उन्हाळा असतो आणि अर्ध्या जगात थंडी. त्या दिवशी दुकानाबाहेर खुर्च्या मांडून बसायचं, एवढंच करायचं. जाणारा-येणारा थांबतो, विचारतो, आणि जादा सुई हातात दिली की बसतोही.

पण वर्षभरात एकच कार्यक्रम ठेवायची मुभा असेल, तर मी अडलेल्या कामांची संध्याकाळ ठेवीन. महिन्यातून एकदा. विक्री नाही, नवीन नमुना नाही, फक्त अडलेलं घेऊन या. एकदा एक आजोबा दिवंगत पत्नीने अर्धं सोडलेलं काम घेऊन आले. एक टाका निसटून वीसेक ओळी खाली गेला होता, मध्ये शिडीसारखे आडवे धागे. त्यांना वाटत होतं सगळं उसवावं लागणार, आणि तिच्या हातचे टाके जाणार. मी क्रोशाची सुई घेतली, तळाचा सुटा टाका पकडला, त्यावरचा आडवा धागा त्यातून ओढला, मग त्यावरचा. एकेक पायरी. शेवटच्या पाच ओळी त्यांनीच चढवल्या, सुई थरथरत होती तरी. टाका वर सुईवर जाऊन बसला तेव्हा त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुठे होतं ते?" खरंच दिसत नव्हतं.

या नोकरीत दिवसभर उभं राहणं आहे, मालाची खोकी उचलणं आहे, लड्या छत्रीवर, म्हणजे लडी ताणून धरणाऱ्या फिरत्या चौकटीवर, चढवून गुंडाळून देणं आहे. लडी न गुंडाळता थेट विणायला घेऊ नका, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी गुंता घेऊन येतं. 'सोपं आहे हो' हे वाक्य सोडून द्या. ज्याला जमत नाही त्याला ते लागतं. आणि मुलाखतीला जाताना स्वतः विणलेल्या दोन वस्तू न्या: एक नीट जमलेली, एक चुकलेली. चूक कुठे झाली आणि कशी सोडवली असती ते सांगता आलं, तर तिथे तुमचं काम होईल.

त्या पहिल्या बारा जणींतली एक ऐन उन्हाळ्यात दुकानात आली. पिशवीतून स्वेटर काढला आणि आरशासमोर अंगात घातला. घाम फुटला तरी काढेना. बाह्या सारख्या, गळा नीट बसलेला, काखेतली शिवण सपाट. मी तिच्याभोवती दोनदा फिरून बघितलं.

"ताई, पुढच्या थंडीचा कधी सुरू करू?" तिने विचारलं.

खिडकीत त्याच सकाळी नवा नमुना टांगला होता. तिने रंग निवडला, मी एकाच लॉटच्या लड्या काढल्या आणि पहिली छत्रीवर चढवली.